जायंट स्क्विड: शंभर वर्षं जिवंत का दिसला नाही, आणि लोकांच्या वेडाने विज्ञानाचं काय केलं

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२५ साली कोलोसल स्क्विडचं पहिलं जिवंत चित्रण झाल्याची बातमी सगळीकडे फिरली. या प्राण्याचं शास्त्रीय नामकरण १९२५ सालचं आहे, मग मधली शंभर वर्षं शास्त्रज्ञ करत काय होते? जायंट स्क्विड खरंच अठरा-वीस मीटर लांब असतो का? आपल्या अरबी समुद्रात असं काही मोठं आहे का? आणि लोकांना त्याचं जे वेड आहे, त्याने खऱ्या अभ्यासाचं नुकसान होत नाही का?

माझं काम माकूल, म्हणजे स्क्विड, वर्गातल्या प्राण्यांची मापं, चोची आणि पोटातलं खाद्य तपासण्याचं. बंदरावर उतरणाऱ्या फूट-दीड फुटी माकुळांवर हात बसलेला आहे, आणि या महाकाय भावंडांवरचं संशोधन मी पहिल्यापासून जवळून वाचत आले आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. लोकांच्या वेडाने नुकसान झालं ते एका लांबीच्या बाबतीत. बाकी सगळीकडे त्याने या विज्ञानाला हात दिला आहे, इतका की ते वेड नसतं तर आज हातात असलेली निम्मी माहितीही जमली नसती.

आधी दोन प्राणी वेगळे करू, कारण बातम्यांत त्यांची सर्रास सरमिसळ होते. जायंट स्क्विड म्हणजे आर्किट्यूथिस डक्स. सडपातळ, लांब, चूषकांभोवती (भुजांवरच्या चिकटणाऱ्या वाट्यांभोवती) दातेरी कडी असलेला, आणि जगातल्या बहुतेक महासागरांत सापडणारा. ध्रुवीय आणि ऐन उष्ण पाण्यात मात्र क्वचित. कोलोसल स्क्विड म्हणजे मेसोनिकोट्यूथिस हॅमिल्टोनाय. तो अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराचा रहिवासी, लांबीला कमी पण वजनाला कितीतरी भारी, आणि त्याच्या भुजांच्या मध्यावर चक्क आकडे असतात. कॉलेजच्या पुस्तकातला ‘जायंट अ‍ॅक्सॉन’ या दोघांपैकी कुणाचाच नाही. हॉजकिन आणि हक्स्ली यांना १९६३ साली नोबेल मिळालं ते साध्या, हातभर माकुळातल्या जाड मज्जातंतूवरच्या कामासाठी. हा गोंधळ विद्यार्थ्यांमध्ये मला नेहमी दिसतो, म्हणून सांगितलं.

आता मधल्या शंभर वर्षांबद्दल. खरं तर हिशोब शंभरचा नाही, पावणेदोनशे वर्षांचा आहे, आणि त्या काळात शास्त्रज्ञ मुख्यतः मेलेली जनावरं तपासत होते. १८५३ साली डेन्मार्कच्या किनाऱ्याला एक प्रचंड माकूल लागलं. लोकांनी ते आमिषासाठी कापून टाकलं, पण चोच शिल्लक राहिली. यापेटस स्टीनस्ट्रुप या प्राणिशास्त्रज्ञाने त्या चोचीचा आणि जुन्या नोंदींचा मेळ घालून १८५७ साली आर्किट्यूथिस हे नाव दिलं. दर्यावर्दी ज्या समुद्रराक्षसाला क्राकेन म्हणत, त्याच्या मुळाशी असलेला प्राणी एका चोचीच्या जोरावर शास्त्रात आला.

तरी पुष्कळांचा विश्वास बसेना. ३० नोव्हेंबर १८६१ रोजी अ‍ॅलेक्टॉन या फ्रेंच युद्धनौकेला कॅनरी बेटांजवळ पृष्ठभागावर एक जायंट स्क्विड दिसला. खलाशांनी भाले मारले, गोळ्या झाडल्या, दोर टाकून वर ओढायला घेतला. मऊ अंगात दोर रुतत गेला आणि शेपटाकडचा तुकडा तेवढा हाती आला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत हा अहवाल वाचला गेला तेव्हाही काही सभासदांनी तो खरा मानला नाही.

चित्र पालटलं ते आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये, आणि पालटवणारे शास्त्रज्ञ नव्हते. १८७३ च्या शरद ऋतूत तिथल्या कोळ्यांच्या होडीची एका जायंट स्क्विडशी गाठ पडली आणि त्यांनी त्याचा एक टेंटॅकल, म्हणजे शिकार पकडायचा लांब अवयव, कुऱ्हाडीने तोडून आणला. सेंट जॉन्सचे धर्मगुरू मोझेस हार्वी यांनी तो विकत घेतला. काही आठवड्यांनी लोजी बे इथल्या कोळ्यांच्या जाळ्यात अख्खं जनावर आलं. तेही हार्वींनी दहा डॉलरना घेतलं, घरातल्या न्हाणीच्या दांडीवर त्याच्या भुजा पसरून टाकल्या आणि फोटो काढवून घेतला. येल विद्यापीठाच्या अ‍ॅडिसन व्हेरिल यांनी त्या आणि पुढच्या नमुन्यांवर सविस्तर लिहिलं, आणि वाद मिटला. हार्वींचं कुतूहल नसतं तर तेही जनावर खताला किंवा कुत्र्यांना गेलं असतं, कारण किनाऱ्याला लागलेल्या माकुळांचं तिथे तेच होत असे.

ही मेलेली जनावरं माणसांपर्यंत येतात कशी, यामागे एक रसायन आहे. जायंट स्क्विडच्या स्नायूंत अमोनियम क्लोराइडचं द्रावण भरलेलं असतं. समुद्राच्या पाण्यापेक्षा ते हलकं असल्यामुळे प्राण्याला पोहण्याचे फारसे कष्ट न घेता पाण्यात तरंगत राहता येतं. मेल्यावरही तो तळाला न जाता वर येतो. हजार मीटर खोल राहणारा प्राणी किनाऱ्याला लागतो याचं कारण हे. त्याचं मांस खाण्यालायक नसतं तेही याच रसायनामुळे. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाचे क्लाइड रोपर यांनी चाखून पाहिलं होतं, आणि चव कडवट, अमोनियाची निघाली.

लांबीचा प्रश्न इथेच सोडवून टाकते. माकुळाला आठ भुजा आणि दोन टेंटॅकल असतात. टेंटॅकल ही लांबवता येणारी शिकारीची साधनं आहेत. मेलेल्या, मऊ पडलेल्या जनावराचा टेंटॅकल ओढला की रबरासारखा वाढतो. १८८७ साली न्यूझीलंडच्या लायल बे इथे सापडलेल्या नमुन्याची नोंद सुमारे १७ मीटर अशी झाली. त्यात धड दोन मीटरांच्या आत आणि उरलेली जवळजवळ सगळी लांबी टेंटॅकलची. पुस्तकांत, वर्तमानपत्रांत अजूनही फिरणारे अठरा मीटरचे आकडे अशाच मापांतून आले आहेत. म्हणून आम्ही एकूण लांबीवर भरवसा ठेवत नाही. धडाची जी पिशवी असते, मँटल, तिचीच लांबी मोजतो. न्यूझीलंडचे स्टीव्ह ओ’शे यांनी शंभरावर नमुने तपासले आणि त्यांत सव्वादोन मीटरहून मोठं मँटल त्यांना मिळालं नाही. टेंटॅकल न ताणता धरले तर मोठी मादी १२-१३ मीटर भरते, वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास. नर लहान असतात. हे आकडे ऐकून लोकांचा हिरमोड होतो, तो मला कधीच कळलेला नाही. तीन मजली घराएवढ्या लांबीचा, तीन हृदयांचा, निळ्या रक्ताचा प्राणी, ज्याची अन्ननलिका कडीसारख्या गोल मेंदूच्या मधोमध जाते, तो पाच मीटरने कमी झाला तर त्याचं काय कमी होतं?

लांबीच्या हव्यासाने आणखी एक घोळ घातला होता. जिथे जिथे मोठा नमुना मिळाला तिथे तिथे कुणीतरी नवीन जात जाहीर केली, आणि जातींची संख्या वीसच्या घरात गेली. २०१३ साली कोपनहेगनच्या गटाने जगभरातल्या ४३ नमुन्यांचा मायटोकाँड्रियल डीएनए तपासला. जपान, स्पेन, न्यूझीलंड, फ्लोरिडा, कुठलाही नमुना घ्या, फरक आश्चर्य वाटावं इतका कमी. सगळा मिळून एकच आर्किट्यूथिस डक्स. हे ४३ तुकडे जमले ते कोळ्यांनी, पर्यटकांनी आणि संग्रहालयांनी वर्षानुवर्षं फेकून न देता जपले म्हणून.

मग जिवंत का दिसत नव्हता? साधं कारण असं की आपण त्याला पळवून लावत होतो. पाचशे ते हजार मीटरवर सूर्यप्रकाश जवळजवळ संपलेला असतो. तिथे आपली यंत्रं जातात ती पांढरे प्रखर दिवे लावून आणि पंख्यांचा आवाज करत. तिकडे जायंट आणि कोलोसल स्क्विडचे डोळे प्राणिसृष्टीतले सर्वांत मोठे. कोलोसलच्या डोळ्याचा व्यास २७ सेंटीमीटर मोजला गेला आहे. २०१२ साली डॅन-एरिक निल्सन आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं की एवढा डोळा लहान भक्ष्य पाहायला लागत नाही. तो लागतो स्पर्म व्हेलसारखी प्रचंड वस्तू लांबून ओळखायला. व्हेल अंधारातून येताना वाटेतले बारीक जीव तिच्या धक्क्याने चमकतात, आणि त्या अंधुक उजेडाचा मोठा आकार स्क्विडला शंभर-सव्वाशे मीटरवरून कळू शकतो. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने आक्षेप घेतला: माकुळाचा डोळा शरीराच्या मानाने वाढतोच, त्यात खास काही नाही. हा वाद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो सोडवायला लहान माकुळांचीच मोजमापं लागतात. कुठलाही पक्ष खरा ठरो, दिवे लावून त्याच्याकडे जाणारं यंत्र त्याला आपण त्याला पाहण्याच्या कितीतरी आधी दिसतं, हे नक्की.

रोपर यांनी नव्वदच्या दशकात न्यूझीलंडच्या कैकौरा दरीत मोहिमा काढल्या. स्पर्म व्हेलला कॅमेरा लावूनही पाहिलं गेलं. स्क्विड मिळाला नाही. यश मिळालं जपानमध्ये, आणि ज्या पद्धतीने मिळालं ती मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते. त्सुनेमी कुबोदेरा टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयातले माकूल-तज्ज्ञ, आणि क्योइची मोरी ओगासावारा बेटांवरच्या व्हेल-दर्शन संघटनेतले. टोकियोच्या दक्षिणेला हजार किलोमीटरवरच्या या बेटांजवळ शरद ऋतूत स्पर्म व्हेल जमतात. त्या कुठे आणि किती खोल बुडी मारतात याची नोंद आधीच होती. जिथे व्हेल जेवते तिथे तिचं जेवण असणार, एवढ्या सरळ विचाराने त्यांनी लांब दोराला कॅमेरा, माकुळाचं आमिष आणि कुटलेल्या कोळंबीची पिशवी लावून सोडली. ३० सप्टेंबर २००४ रोजी सकाळी ९०० मीटरवर एका जायंट स्क्विडने आमिषावर झडप घातली. त्याचा टेंटॅकल आकड्यात अडकला. सुटण्याच्या धडपडीत चार तासांहून जास्त वेळ गेला, पाचशेहून अधिक छायाचित्रं निघाली, आणि शेवटी साडेपाच मीटरचा टेंटॅकल तुटून दोराबरोबर वर आला. डेकवर आल्यावरही त्याचे चूषक चिकटत होते.

२००५ साली छापून आलेल्या या छायाचित्रांतून सगळ्यात मोठी गोष्ट कळली ती वागण्याची. तोवर पुष्कळ तज्ज्ञांचा समज होता की एवढा सैल अंगाचा प्राणी खोल पाण्यात नुसता लोंबकळत राहून येईल ते पकडत असणार. प्रत्यक्षात तो चालून आला, आडव्या दिशेने, आणि टेंटॅकलनी आमिषाला विळखा घातला. मेलेल्या शंभर नमुन्यांतून हे कळलं नसतं.

पुढचा टप्पा २०१२ चा. एडिथ विडर यांनी आयुष्यभर सागरी प्राण्यांच्या उजेडाचा अभ्यास केला आहे. त्यांच्या मेडुसा या कॅमेऱ्यात दोन युक्त्या होत्या. पंखे नाहीत, म्हणजे आवाज नाही, आणि दिवा तांबडा, जो खोल पाण्यातल्या बहुतेक प्राण्यांना दिसत नाही. सोबत आमिष म्हणून एक नकली जेलीफिश, निळे दिवे गोल फिरवणारी. अटोला नावाची जेलीफिश तिच्यावर हल्ला झाला की असा प्रकाश सोडते, आणि त्याने हल्लेखोराहून मोठा शिकारी तिकडे ओढला जातो असं विडर यांचं म्हणणं होतं. ओगासावाराजवळच जायंट स्क्विड मेडुसासमोर आला. त्याच मोहिमेत कुबोदेरा पाणबुडीत बसून ६३० मीटरपासून ९०० मीटरपर्यंत एका स्क्विडबरोबर खाली गेले. त्याचे दोन्ही टेंटॅकल तुटलेले होते, आणि अंग रुपेरी-सोनेरी चमकत होतं. मेलेला जायंट स्क्विड तांबूस-पांढरा, सालटं निघालेला असतो, त्यामुळे या रंगाची कुणाला कल्पनाच नव्हती.

या मोहिमेचा खर्च जपानची एनएचके आणि डिस्कव्हरी या दूरचित्रवाहिन्यांनी केला, म्हणजे सरळ प्रेक्षकांच्या उत्सुकतेवर. काही सहकाऱ्यांना हे खटकतं. मला खटकत नाही. आवाज न करणारा, तांबड्या उजेडाचा कॅमेरा हे साधन त्या पैशाने मोठ्या परीक्षेला उतरलं, आणि मग ते इतर कामाला लागलं. २०१९ च्या जूनमध्ये न्यू ऑर्लीन्सपासून दूर मेक्सिकोच्या आखातात विडर आणि नेथन रॉबिन्सन यांच्या मोहिमेत ७५९ मीटरवर लहान वयाचा जायंट स्क्विड याच कॅमेऱ्यात आला. ती मोहीम स्क्विडसाठी नव्हतीच, खोल अंधारात प्राणी कसे पाहतात यासाठी होती.

कोलोसल स्क्विडची कथा याहून संथ आहे. १९२५ साली गाय रॉब्सन यांनी त्याचं वर्णन केलं ते स्पर्म व्हेलच्या पोटातून निघालेल्या भुजांच्या दोन झुबक्यांवरून. फेब्रुवारी २००७ मध्ये रॉस समुद्रात टूथफिश पकडणाऱ्या सॅन अ‍ॅस्पायरिंग या न्यूझीलंडच्या बोटीच्या दोरावर एक जिवंत कोलोसल स्क्विड अडकलेला मासा खात खात वर आला. कप्तान आणि खलाशांनी तो जाळ्यात घेऊन गोठवला. वजन ४९५ किलो. वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयाने एप्रिल २००८ मध्ये तो वितळवला आणि तपासणी इंटरनेटवर थेट दाखवली. वर्तमानपत्रांनी आधी दहा मीटरचे अंदाज छापले होते. वितळल्यावर लांबी भरली ४.२ मीटर. पण त्या दिवशी लांबीपेक्षा मला चोचीचं माप जास्त हवं होतं. व्हेलच्या पोटातून याहून मोठ्या चोची पूर्वीच मिळालेल्या आहेत, म्हणजे अर्ध्या टनाचा हा प्राणी त्याच्या जातीतला सर्वांत मोठा नव्हे. चोच पचत नाही, व्हेलच्या पोटात साठत राहते, आणि तिच्या मापावरून मालकाच्या आकाराचा अंदाज बांधता येतो. माकूल-अभ्यासातलं हे सर्वांत भरवशाचं साधन आहे, आणि त्यावर कधी कुणी कार्यक्रम केलेला नाही.

एवढा मोठा प्राणी म्हणजे भयंकर खादाड, असं सगळे धरून चालतात. २०१० साली रुई रोझा आणि ब्रॅड सायबेल यांनी लहान नातेवाइकांच्या श्वसनदरावरून हिशोब केला, तेव्हा कोलोसलला दिवसाला सुमारे ३० ग्रॅम अन्न पुरेल असं निघालं. थंड पाणी, संथ शरीर, आणि जवळ येईल ते आकड्यांनी धरायचं. व्हेलशी झुंजणारा राक्षस हे चित्र त्याला लागू होत नाही.

आणि मग ९ मार्च २०२५. श्मिट ओशन इन्स्टिट्यूटच्या जहाजावरून सोडलेल्या सुबास्टियन या दूरनियंत्रित यंत्राने साउथ सँडविच बेटांजवळ ६०० मीटरवर एक पारदर्शक पिल्लू टिपलं. लांबी ३० सेंटीमीटर. न्यूझीलंडच्या कॅट बोल्स्टड यांनी भुजांवरच्या आकड्यांवरून ते कोलोसलचं असल्याची खात्री केली. त्याच जहाजाने त्याच वर्षी जानेवारीत गॅलिट्यूथिस ग्लेशियालिस या अंटार्क्टिक काच-माकुळाचंही पहिलं जिवंत चित्रण केलं होतं. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही तोलामोलाची, दोन्ही एकाच घराण्यातली. दुसऱ्याचं नाव तुम्ही बहुधा इथेच पहिल्यांदा वाचत असाल. मोठ्या भावाच्या बातमीत त्यालाही दोन ओळी मिळाल्या, नाहीतर त्याही मिळाल्या नसत्या.

मोठ्या स्क्विडने लहानांच्या अभ्यासाला कशी वाट करून दिली याचं सर्वांत चांगलं उदाहरण स्पेनच्या अ‍ॅस्टुरियास किनाऱ्याचं आहे. २००१ आणि २००३ साली तिथे एकापाठोपाठ जायंट स्क्विड मरून आले. त्याच काळात जवळच्या समुद्रात तेल-वायूच्या शोधासाठी हवेच्या तोफांनी सर्वेक्षण चालू होतं. आंखेल गेर्रा यांच्या गटाने काही नमुन्यांच्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात बिघाड नोंदवला. आवाजानेच मेले, हे तेवढ्यावरून सिद्ध होत नव्हतं. २०११ साली मिशेल आंद्रे आणि सहकाऱ्यांनी साध्या माकूल, कटलफिश आणि ऑक्टोपसना टाकीत कमी कंपनांचा आवाज ऐकवला, आणि त्याच इंद्रियाच्या पेशी फाटलेल्या दिसल्या. समुद्रातल्या गोंगाटाचा पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांवर होणारा परिणाम त्याआधी फारसा कुणी विचारातच घेतला नव्हता.

आपल्या अरबी समुद्राबद्दलही विचारलं होतं. इथला मोठा खेळाडू स्थेनोट्यूथिस, जांभळ्या पाठीचं उडतं माकूल. त्याचा एक मोठा प्रकार अरबी समुद्रात वाढतो आणि मँटल साठ सेंटीमीटरपर्यंत जातं. दिवसा तो खोल, प्राणवायू जेमतेम असलेल्या थरात असतो आणि रात्री शिकारीसाठी वर येतो. लक्षद्वीपच्या आसपास सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) त्याचा चांगला शोध घेतला आहे. आपल्या खोल समुद्रातल्या माकुळांचं ज्ञान टूना आणि इतर माशांच्या पोटातल्या चोचींतून बरंच वाढू शकतं, आणि ते मासे रोज बंदरांत चिरले जातात.

म्हणून कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा जाळ्यात ओळखीबाहेरचं मोठं माकूल मिळालं तर एवढं करा. शेजारी मोजपट्टी, नाहीतर वल्हं ठेवून फोटो घ्या, वरून आणि खालून; भुजांचे चूषक जवळून दिसले पाहिजेत. टेंटॅकल ओढू नका. धड पाठीच्या बाजूने, डोक्याकडच्या कडेपासून शेपटाच्या टोकापर्यंत मोजा. चोच काढून स्पिरिटमध्ये ठेवा. वाळवली तर ती आक्रसते आणि माप चुकतं. मांसाचा बोटभर तुकडाही स्पिरिटमध्येच, फॉर्मलीनमध्ये नको, कारण फॉर्मलीनने डीएनए खराब होतो. तारीख, ठिकाण, पाण्याची खोली आणि जाळ्याचा प्रकार लिहा, आणि रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय, सीएमएफआरआयचं मुंबई केंद्र किंवा दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, जे जवळ असेल तिथे कळवा.